आभाळातले डाग अन् सेन्सरवरचा कापूस

"भाऊ, हे आभाळात काय उडून राहिलं, टोळ आले का?" नवरदेवाच्या लहान भावानं लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं अन् मी हसलो. मग झूम केलं. हसू जिथल्या तिथं राहिलं. निळ्या आभाळात काळपट गोल ठिपके, एक नाही दोन नाही, पार मोहरी सांडल्यासारखे, अन् उजव्या बाजूला एक वाकडातिकडा धागा. दुसरा फोटो काढला, तिथंच ठिपके. तिसरा, तिथंच. नवरीनं मान वळवली, नवरदेव बसला उठला, पण ठिपके काही जागचे हलले नाहीत.

हे प्री-वेडिंगचे फोटो आमच्याच वावरात काढलेले, डिसेंबर २०२४ मध्ये. पऱ्हाटी फुटून पांढरीफेक झालेली, वर आभाळ साफ, म्हटलं कापूस पण शार्प पाहिजे अन् मागचा पळस पण शार्प पाहिजे, म्हणून अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवलं होतं, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक बारीक (आकडा मोठा तेवढं भोक लहान). एरवी मी लग्नात हॉलमध्ये, मांडवात, हळदीत एफ ४ नाहीतर ५.६ च्या पुढं जातच नाही, उजेडच नसतो. म्हणजे हे डाग कितीतरी दिवसांपासून असतील, पण मला दिसले नाहीत.

त्याचं कारण मला नंतर कळलं, ते सांगतो कारण हे समजलं की पुढचं सगळं सोपं जाते. हे डाग धुळीचे, अन् धूळ सेन्सरवर, म्हणजे फोटो उमटतो त्या चकतीवर, बसतच नाही मुळात. सेन्सरच्या पुढं काचेचा फिल्टर असतो, धूळ त्या काचेवर बसते अन् तिची सावली खाली सेन्सरवर पडते. आता ढगाळ दिवशी निंबाची सावली अंगणात दिसते का? नाही, कारण उजेड चारी बाजूंनी येते. अन् दुपारी बाराच्या उन्हात पान न पान मोजता येते. अ‍ॅपर्चर मोठं उघडं असलं की ढगाळ दिवस, एफ १६ किंवा २२ केलं की उजेड बारीक भोकातून येतो अन् कणाची सावली टोकदार पडते. धूळ तेवढीच, दिसणं वेगळं.

माझा कॅमेरा कॅननचा १२००डी, २०१९ ला सेकंडहँड घेतलेला. हे मॉडेल २०१४ चं. आता कॅमेऱ्यात काच थरथरवून धूळ झटकायची सोय २००३ पासून आहे, ऑलिम्पसच्या ई-१ मध्ये पहिल्यांदा आली, कॅननच्या ४००डी मध्ये २००६ ला आली, पण माझ्या १२००डी मध्ये ती नाही! स्वस्तातलं मॉडेल म्हणून काढून टाकलेली. मेन्यूमध्ये फक्त हातानं साफ करायचा ऑप्शन अन् एक डस्ट डिलीट डेटा नावाचं प्रकरण, जे डागांचा नकाशा फोटोसोबत जोडते अन् मग कॅननच्याच सॉफ्टवेअरमध्ये डाग पुसता येतात. मी ते करून पाह्यलं नाही, कारण मला पुढच्या लग्नात व्हिडिओ पण काढायचा होता अन् व्हिडिओतले डाग कोण पुसत बसणार.

आधी खात्री करून घेतली की डाग लेन्सचा आहे की आतला. १८-५५ ची लेन्स काढून ५० ची लावली, डाग तिथंच, म्हणजे आतलाच. मग टेस्ट शॉट. याची रीत अशी की आयएसओ (उजेड टिपायची ताकद) कमी, १०० वर, एफ २२, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवायचा, अन् पांढऱ्या भिंतीचा नाहीतर लॅपटॉपवर कोरं पान उघडून त्याचा फोटो काढायचा, एक्सपोजर जरा वर, म्हणजे फोटो जरा उजळ ठेवायचा. अन् शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, उघडं असताना कॅमेरा थोडा हलवायचा, बरोबर वाचलं, हलवायचाच. भिंतीवरचे पोपडे हलून पुसले जातात, सेन्सरवरचा कण मात्र कॅमेऱ्यासोबतच हलतो म्हणून तो जागीच दिसतो. मी मोजले, ३१ ठिपके अन् तो एक धागा.

धागा कुठून आला हे विचारायची गरजच नव्हती. आमच्याकडं त्या वर्षी कापूस घरात भरून ठेवलेला. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं ७५२१ रुपये अन् गावात येणारे व्यापारी सात हजाराच्या आत बोलून राहिले होते, बाबा म्हणे थांबू, भाव चढन. मग मधली खोली कमरेपर्यंत कापसानं भरलेली, तिथंच माझी कॅमेऱ्याची बॅग खुंटीला. रात्री आंग खाजवत झोपायचं अन् सकाळी उशीवर रुई. त्याच खोलीत खाटेवर बसून मी लेन्स बदलायचो, तेही कॅमेऱ्याचं तोंड वर करून. कापसाचा एक तंतू साधारण १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड, माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. म्हणजे एका तंतूच्या जाडीखाली तीन-चार पिक्सेल दबतात अन् लांबीत तर किती ते मोजायलाच नको.

आता माझ्या चुका. क्रमानं सांगतो, लाज वाटते पण सांगतो.

पहिली चूक. डोळा लावायच्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर आत एक काळा कण दिसून राहिला होता. मला वाटलं हाच तो. लेन्स काढली, आत सेन्सरपुढं जो आरसा असतो त्याच्या वर जी धुरकट काच दिसते ती चष्म्याच्या फडक्यानं पुसली. ती काच नसतेच, फोकसिंग स्क्रीन असते, मऊ प्लास्टिकची, अन् तिथली धूळ फोटोत येतच नाही. माझ्या फडक्यानं तिच्यावर एक बारीक ओरखडा पडला तो आजही आहे, प्रत्येक नवरीच्या कपाळावरून जातो व्ह्यूफाइंडरमध्ये, फोटोत मात्र येत नाही.

दुसरी चूक फुंकर. आरसा वर करून फूऽऽ केलं. थुंकीचे तीन तुषार.

तिसरी चूक होता होता राहिली. चौकात पंक्चरचं दुकान आहे, तिथं बसलो असताना दोस्त म्हणे, "अबे, कंप्रेसर हाये ना इथं. एका झटक्यात साफ! काहून पैसे घालवतं?" पंक्चरवाल्यानं पाइप हातात पण घेतला होता. मी सहज म्हटलं, आधी माझ्या हातावर मार. मारला. तळहातावर तेलाचं अन् पाण्याचं बारीक दव. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचते अन् मशीनचं तेल हवेसोबत येते, ते सेन्सरवर गेलं असतं तर कॅमेरा भंगारात. ते गॅसवाले हवेचे डबे मिळतात कॉम्प्युटर साफ करायचे, ते पण नाही चालत, डबा तिरपा झाला की आतला गार द्रव बाहेर येऊन काचेवर डाग धरतो. कॅमेऱ्याच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे की गॅसचा डबा वापरू नका. पुस्तक मी त्या दिवसापर्यंत उघडलं नव्हतं.

चौथी चूक सगळ्यात मोठी. मेडिकलमधून स्पिरिटची बाटली अन् कान साफ करायच्या काड्यांचं पाकीट आणलं. म्हटलं काचच आहे, पुसून टाकू. इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात ते स्पिरिट, त्यात पाणी असते अन् बाकीचं काय काय. गोल गोल फिरवून पुसलं, हो, गोल गोल. टेस्ट शॉट काढला तर ठिपके ३१ चे १४ झाले होते, पण त्यांच्या भोवती पाणी वाळल्यासारखे पट्टे, अन् आधी धागा एक होता तिथं आता पाच. काडीच्या टोकाला काय असते? कापूस! वावरात कापूस, घरात कापूस, अंगावर कापूस, अन् मी सेन्सर साफ करायला वीस रुपये देऊन अजून कापूस विकत आणला. बाबांना सांगितलं तर ते पहिल्यांदा त्या महिन्यात हसले, म्हणे, "वीस रुपयाचा किती ग्राम भेटला? क्विंटलचा भाव काढ बरं."

नागपूरला कॅमेरा दुरुस्तीवाल्याला फोन केला. साफ करून देतो म्हणे, पण कॅमेरा ठेवून जावा लागन, तीन-चार दिवस. पांढरकवड्यावरून नागपूर दीडशे किलोमीटर, आमच्या गावाहून अजून १८, जाऊन येऊन एक दिवस, मग परत न्यायला एक दिवस, अन् आठ दिवसांवर लग्न. माझ्याकडं दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, नाही. मग ठरवलं की घरीच करू, पण आता नीट वाचून.

ऑनलाइन सामान मागवलं. एक रबरी ब्लोअर, रॉकेटच्या आकाराचा. बारा स्वॅबचं पाकीट, १६ मिलिमीटर रुंदीचे. ही रुंदी बघून घ्यायची, कारण माझा सेन्सर एपीएस-सी म्हणजे लहान आकाराचा, २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, त्याची उंची एका फेरीत झाकली गेली पाहिजे. ज्यांचा फुल फ्रेम आहे, ३६ बाय २४, त्यांना २४ मिलिमीटरचा लागतो. स्वॅब म्हणजे प्लास्टिकची चपटी पट्टी, टोकाला सूत न सुटणारं कापड गुंडाळलेलं, उलथन्यासारखी दिसते, एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात बंद. अन् लिक्विडची छोटी बाटली. हे लिक्विड मिथेनॉलचं असते बहुतेक, लगेच उडून जाते म्हणून डाग राहत नाही, पण पेटते पण लगेच अन् विषारी आहे, लहान पोरांच्या हाती लागू द्यायचं नाही. सगळं मिळून चौदाशेच्या आसपास गेले. कुरिअर गावापर्यंत येत नाही, पांढरकवड्याला जाऊन आणलं. येताना बाजारातल्या घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं, दोन दिवसांच्या बोलीवर. सेन्सर पाहायचे लाइटवाले भिंग वेगळे मिळतात, महाग असतात. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून घड्याळवाल्याच्या भिंगातून पाह्यलं तर मोठे कण दिसतात, बारीक दिसत नाहीत, ते टेस्ट शॉटमध्येच दिसतात.

जागा न्हाणीतली निवडली. घरात तेवढी एकच जागा जिथं कापूस नाही. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की वाफेनं हवेतली धूळ खाली बसलेली असते, भिंती ओल्या. फक्त बाहेरचा बंब विझायची वाट पाहिली, मिथेनॉलची बाटली अन् जळता बंब एका ठिकाणी नको. स्वेटर काढून ठेवला, लोकरीचे तंतू सुटतात अन् करंट पण मारतो थंडीत. बाही वर केली. बॅटरी पूर्ण चार्ज, हे लय महत्त्वाचं, कारण साफ करताना आरसा वर अन् शटर उघडं असते ते बॅटरीच्या जोरावर, मध्येच बॅटरी गेली की शटर खाली येते अन् आत जे काही असन त्याच्यावर आदळते. मधात स्विच बंद करायचा नाही, बॅटरीचं-कार्डाचं झाकण उघडायचं नाही.

आधी नुसता ब्लोअर. ब्लोअर नवीन असला तर आत पावडर असू शकते, म्हणून पहिले सात-आठ वेळा हवेत दाबून रिकामा केला. मग मेन्यूतून आरसा वर, कॅमेऱ्याचं तोंड खाली, डोक्याच्या वर धरला, अन् खालून ब्लोअर. नोझल लेन्सच्या कड्याच्या आत जाऊ द्यायचं नाही, हात सटकला तर नोझलच काचेवर लागते. दाबला जोरजोरात, वीस-पंचवीस वेळा. तोंड खाली असल्यानं जे सुटते ते खाली पडते, वर तोंड करून मारलं तर धूळ आतच गोल फिरून परत बसते.

"काय करून राहिला रे न्हाणीत एवढ्या वेळचा? पोट बिघडलं का?" बाहेरून माय.

"नाही माय, कॅमेरा धुऊन राहिलो."

"धुऊन?" मग थोडा वेळ काही आवाज नाही. "तुह्या बापाले सांगू का?"

टेस्ट शॉट. पाच धाग्यांतले चार गेले! ठिपके १४ चे ६. नुसत्या हवेनं. म्हणजे मी स्पिरिट-बिरिट न लावता पहिल्या दिवशी हा तीनेकशे रुपयांचा ब्लोअर मारला असता तर कदाचित पुढचं काहीच करावं लागलं नसतं. पण पट्टे होते, ते माझेच, अन् ते हवेनं जात नाहीत. थुंकीचे डाग पण नाही जात. चिकटलेलं जे काही असते त्याला ओलं करावंच लागते.

मग स्वॅब. इथं माझे हात खरंच थरथरले, म्हणून पाच मिनिटं बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. पाकीट फोडलं, कापडाच्या टोकाला बोट न लावता, नुसत्या धारेवर दोन थेंब लिक्विड टाकलं. दोनच. जास्त झालं तर काठाला साचते अन् वाळून रेघ सोडते. पाच-सात सेकंद थांबलो म्हणजे ते कापडात पसरते. डाव्या काठाला टेकवला, पट्टी जरा तिरपी, अन् एका दमात उजव्या काठापर्यंत ओढत नेला, जसं सारवताना पोतेरं एका दिशेनं ओढतात तसं, मधात थांबायचं नाही, उचलायचं नाही, गोल फिरवायचं तर नाहीच. दाब किती? लिहिताना फाउंटन पेनवर देतो तेवढा, टोक जरासं वाकलं पाहिजे. मग काठाला पोचल्यावर पट्टी उलटी केली अन् दुसऱ्या बाजूनं परत डावीकडं. झाला तो स्वॅब, फेकून द्यायचा. कंजुषी करून परत वापरला तर त्याच्यावर आलेला रेतीचा कण काच ओरबाडतो.

टेस्ट शॉट. पट्टे गेले, ठिपके दोन राहिले, अन् एक धागा वरच्या डाव्या कोपऱ्यात.

दुसरा स्वॅब घेतला अन् भिंगातून पाहत वरच्या डाव्या कोपऱ्यावर जरा जास्त लक्ष देऊन ओढला. टेस्ट शॉट, धागा तिथंच. तिसरा स्वॅब, परत वरचा डावा कोपरा. परत तिथंच! आता माझं डोकं सरकलं, पन्नास-साठ रुपयाला एक स्वॅब पडून राहिला अन् धागा हलायचं नाव घेईना. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून विचार केला तेव्हा शाळेतला तो मेणबत्तीचा प्रयोग आठवला, भिंगातून मेणबत्ती उलटी दिसते तो. लेन्स फोटो उलटा पाडते ना! मग फोटोत जे वर आहे ते सेन्सरवर खाली. अन् डावं-उजवं? तेही उलटतं, पण आपण समोरून आत पाहतो म्हणून ते परत सुलटं होते. म्हणजे फोटोत वर डावीकडं असलेला धागा, कॅमेऱ्यात समोरून डोकावलं तर खाली डावीकडं. टॉर्च तिरपा मारून खालच्या डाव्या कोपऱ्यात पाह्यलं, बसलेला होता आरामात, काठाला चिकटून, चांदीच्या तारेसारखा चमकत. दोन स्वॅब मी भलत्याच कोपऱ्यावर घासले.

चौथा स्वॅब लावायच्या आधी नुसता ब्लोअर त्या कोपऱ्यावर नेम धरून मारला. लिक्विडनं आधीच सैल झाला असेल, पहिल्याच दाबात गेला. टेस्ट शॉटमध्ये एक ठिपका राहिला, पार काठावर, फिकट. त्याला हात लावला नाही. एका ठिपक्यापायी पाच नवे बसवायची माझी खोड मला आता माहीत होती.

मग कॅमेरा बंद केला, आरसा खाली, अन् लगेच लेन्स लावायच्या आधी लेन्सचं मागचं टोक अन् दोन्ही टोपणं पाहिली. बॉडीचं टोपण आतून पाह्यलं तर त्यात अक्षदांचा भुसा, हळद अन् रुई, सगळं लग्न होतं त्याच्यात. खिशात ठेवायचो ना मी ते मांडवात. सेन्सर साफ करून त्याच टोपणानं बंद केला असता तर सगळं परत आत. टोपणं साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली.

माझ्या आत्याच्या मुलाकडं मिररलेस आहे, त्यानं हे सगळं ऐकून विचारलं की त्याचाही तसाच करू का. त्याच्यात आरसाच नाही, लेन्स काढली की सेन्सर सरळ उघडा, म्हणून धूळ लवकर बसते पण ब्लोअर मारायला सोपं. मात्र त्याचा सेन्सर हादरे खाणारा, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून स्वतः सरकणारा, स्टॅबिलायझेशनवाला, तो दाबला की आतल्या आत हलतो. मी म्हटलं ब्लोअर मार, स्वॅब मात्र नागपूरलाच कर बाबा, तुझ्या कॅमेऱ्याची किंमत माझ्या दोन वर्षांच्या सीझनएवढी आहे.

प्री-वेडिंगच्या ११२ फोटोंतले डाग मी एकेक करून कॉम्प्युटरवर पुसले, दोन रात्री गेल्या. नवरदेवाच्या भावाला अल्बम दाखवला तर म्हणे, "टोळ गेले वाटते फवारणी करून."

लेन्स बदलतो अजून, मांडवात पण बदलावीच लागते, पण स्विच बंद करून, तोंड खाली करून, दुसरी लेन्स आधी टोपण सैल करून हाताशी ठेवून. हळदीच्या कार्यक्रमात तर बदलतच नाही, एकच लेन्स लावून जातो. बॅग आता स्टीलच्या धान्याच्या डब्यात असते, झाकण लावून, आत बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या. महिन्यातून एकदा एफ २२ चा फोटो अन् लागलं तर ब्लोअर. उरलेले नऊ स्वॅब तसेच आहेत, एकही लागला नाही.

फेब्रुवारीत कापूस गेला. भाव काही चढला नाही, बाबांनी गाडी बोलावली अन् चार माणसं लावून खोली रिकामी केली. माय फडा घेऊन आली, पदर नाकाला बांधला, उंबऱ्यात थांबली अन् मला म्हणे, "थो तुह्या कॅमेऱ्याचा डबा ने आधी बाहेर, मंग झाडतो मी."